गुडघ्यांची झीज: कोणत्या वयात कशामुळे?

डिचोलीचा_डिफेंडर

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात माझ्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. 'झिजेची सुरुवात' असा शेरा आला. माझं वय ३६. कॉलेजात असताना पावसाळी स्पर्धेत चिखलात पाय रुतला, अंग वळलं आणि गुडघ्यात 'टक्' झालं. एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) तुटल्याचं नंतर कळलं. सूज उतरली, पुन्हा थोडं खेळलो, पुढे नोकरी लागली आणि सगळं मागे पडलं. आता जिना उतरताना गुडघा दुखतो आणि सकाळी थोडा वेळ आखडलेला असतो.

आई ६२ वर्षांची आहे. तिचे दोन्ही गुडघे गेली काही वर्षं दुखतात. ती कधी मैदानावर गेली नाही, तिला कधी मार लागला नाही. आणि माझी मुलगी १२ वर्षांची आहे, तिने यंदा फुटबॉल सुरू केला आहे. खूप मन लावून खेळते.

घरातल्या तीन पिढ्यांकडे पाहिलं की प्रश्न पडतो. ही झीज रक्तातून येते, कामातून येते, की दुखापतीतून? वयाप्रमाणे कारणं बदलतात का? 'म्हातारपण आलं की होतंच' हे उत्तर मला नको आहे, कारण मी म्हातारा नाही. अनुभव आणि माहिती दोन्ही लिहा.

सुलभा_माशेल

माझं मत स्पष्ट आहे. आपण जमिनीवर बसणं सोडलं आणि गुडघे गेले. माझ्या सासूबाई ऐंशी ओलांडेपर्यंत आदोळीवर बसून नारळ खवायच्या, पाटावर बसून जेवायच्या, देवळाच्या पायऱ्या चढायच्या. आता टेबल, खुर्ची, कमोड, स्कूटर. वापरलंच नाही तर गंजणारच.

नुस्त्याचो_सोयरो

डिफेंडरभाऊ, म्हणजे आयुष्यभर फातोर्डा स्टेडियमच्या गॅलरीत बसूनच फुटबॉल खेळलो हे माझं शहाणपण म्हणायचं!

असो, काळजी घ्या. धागा वाचतो आहे, घरात मलाही दोन जोड्या दुखरे गुडघे आहेत.

फिजिओ_रेवती

मी मडगावात फिजिओथेरपिस्ट आहे. हा प्रश्न मला रोज विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. गुडघा टायरसारखा नुसता घासून झिजत नाही. टायर स्वतःला दुरुस्त करत नाही, कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) थोडीफार करते. या आजारात कूर्चा, तिच्याखालचं हाड, मधली अर्धचंद्राकृती गादी (मेनिस्कस), सांध्याचं आतलं अस्तर आणि भोवतीचे स्नायू असा सगळा सांधा बदलतो. त्यामुळे 'जास्त वापरला म्हणून झिजला' आणि 'वापरला नाही म्हणून गंजला' ही दोन्ही वाक्यं अर्धीच आहेत.

वयाप्रमाणे कारणं बदलतात, हे अगदी खरं. तिशी-चाळिशीत माझ्याकडे जी झीज येते तिच्यामागे बहुतेक वेळा जुनी दुखापत असते. अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या एका गटाचा पाठपुरावा कित्येक दशकं केला. त्याचे निष्कर्ष २००० साली आले. तरुणपणी गुडघ्याला दुखापत झालेल्यांपैकी ६५ वर्षांपर्यंत १३.९ टक्क्यांना गुडघ्याची झीज झाली, दुखापत न झालेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. एसीएल किंवा गादी फाटलेल्यांचे अभ्यास वेगळे आहेत. त्यांत १० ते २० वर्षांनी साधारण निम्म्या लोकांच्या एक्स-रेवर झीज दिसते. डिफेंडरभाऊ, तुमचं वय आणि तुमचा एक्स-रे यात बसतो.

आणि एसीएलची शस्त्रक्रिया केली असती तर झीज नक्की टळली असती, असं कोणी सांगितलं तर ते मनाला लावून घेऊ नका. शस्त्रक्रियेने गुडघा स्थिर होतो, खेळाकडे परतता येतं, पण पुढची झीज ती हमखास थांबवते असा पुरावा नाही. मार लागला त्याच क्षणी कूर्चेला आणि हाडालाही धक्का बसलेला असतो.

मुलीबद्दल उद्या वेगळं लिहिते. तो भाग महत्त्वाचा आहे.

सत्तरीची_सून

सुलभाताई, तुमच्या सासूबाईंना उदंड आयुष्य लाभलं, आनंद आहे. माझ्या सासूबाईंचं सांगते. आमचं गाव सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. त्या कधी खुर्चीवर बसल्याच नाहीत. सरद (पावसाळी) शेतीची लावणी, मग मिरची-अळसांद्याच्या वाफ्यात उकिडवं बसून बेणणी (तण काढणं), मार्च ते मे काजूच्या डोंगरावर बोंडू वेचणं आणि भरलेली पाटी डोक्यावर घेऊन उतार उतरणं. वर घरात विहिरीचं पाणी, ओणवं होऊन सारवण, उकिडवं बसून भांडी. पंचेचाळिशीतच गुडघे सुजायला लागले. आता पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकले आहेत. पौषात धालो (बायकांचा नाच-गाण्यांचा उत्सव) होतात तेव्हा मांडावर कडेला खुर्ची टाकून बसतात आणि ओव्या म्हणतात. एकेकाळी रात्र रात्र नाचायच्या.

एका दवाखान्यात नेलं तर 'वय झालं आजी' एवढंच ऐकून परत आलो. तेव्हा त्या साठीच्याही नव्हत्या. जमिनीवर बसल्याने गुडघे वाचतात हे मला त्यांच्याकडे बघून पटत नाही.

काकोडे_मास्तर

सुलभाताई आणि सत्तरीच्या सूनबाई, तुम्ही दोघी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय असं वाटतं. पाटावर मांडी घालून अर्धा तास जेवणं वेगळं आणि ओझं घेऊन तासन्‌तास उकिडवं बसणं वेगळं.

चीनमधला एक अभ्यास वाचनात आला होता. बीजिंगच्या वृद्धांना विचारलं की पंचविशीच्या सुमारास तुम्ही दिवसात किती वेळ उकिडवे बसायचात. रोज तीन तासांहून जास्त बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या झिजेची शक्यता अर्ध्या तासाहून कमी बसणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास निघाली. तिथल्या वृद्ध बायकांमध्ये गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या त्याच वयाच्या बायकांपेक्षा जास्त होती, आणि अंगाने मात्र त्या बारीक होत्या. म्हणजे वजन एवढंच कारण नाही, काम कसलं हेही बघायला हवं.

खाणी जोरात होत्या तेव्हा माझ्या वर्गातली कितीतरी मुलं दहावीनंतर थेट खाणीवर आणि डंपरवर गेली. उंच केबिनमधून दिवसभर चढणं-उतरणं, स्प्रिंगचा पाटा बदलायला गुडघ्यावर बसणं. आज पन्नाशीतली ती मुलं बाजारात भेटतात तेव्हा चालण्यावरूनच कळतं. त्यांच्या गुडघ्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही, याचं मला वाईट वाटतं.

सुलभा_माशेल

मास्तर, उकिडवं बसून काम करणं वेगळं, हे मान्य. पण मांडी घालून जेवणं बंद करा असं डॉक्टर सरसकट सांगतात, त्याला माझा विरोध कायम आहे. ज्याला जमतं, दुखत नाही, त्याने का सोडावं?

फिजिओ_रेवती

सुलभाताई, ज्याला दुखत नाही त्याने मुळीच सोडू नये. जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठता येणं म्हणजे मांड्यांत ताकद आहे. मी तर ती मुद्दाम टिकवायला सांगते. सत्तरीच्या सूनबाईंच्या सासूबाईंसारखा गुडघा असेल तर मात्र खालची बैठक टाळायची.

जोखीम वाढते ती तीन गोष्टी एकत्र आल्यावर: वारंवार गुडघा पूर्ण दुमडणं, त्यात ओझं उचलणं आणि वर शरीराचं वजन जास्त असणं. शेतमजूर, खाणकामगार, फरशी बसवणारे, मासळीची टोपली घेऊन फिरणाऱ्या बायका, यांच्या गुडघ्यांकडे चाळिशीच्या आधीच लक्ष द्यायला हवं. पण ही माणसं आमच्याकडे पोचतात ती साठीला, पाय वाकल्यावर. पाय बाहेर वाकला की सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडतो आणि तिथून पुढे झीज वेगाने वाढते.

पायलट_मडगांव

मी मोटारसायकल पायलट आहे, म्हणजे दुचाकीवरून भाडं नेतो, बसस्थानकावर. तुमच्या यादीत आम्ही नाही का? २८ वर्षांचा असताना अपघातात वाटी फुटली, तारा घालून जोडली. आता ४४. थंडीत आणि पावसात जास्त दुखतं. दिवसभर पाय टेकवून गाडी सांभाळायची, वर गिऱ्हाइकाचं सामान. आमच्या स्टँडवर दुखरा गुडघा नसलेला माणूस शोधावा लागेल.

फिजिओ_रेवती

पायलटदादा, तुम्ही तर यादीत सगळ्यात वर. सांध्याच्या आत गेलेलं फ्रॅक्चर हे एसीएलइतकंच मोठं कारण आहे. पृष्ठभाग पुन्हा तंतोतंत गुळगुळीत झाला नाही तर भार एकाच जागी येतो. आपल्याकडे तरुणांच्या गुडघ्यांची नासाडी मैदानापेक्षा दुचाकीवर जास्त होते, असं माझ्याकडे येणारे रुग्ण बघून वाटतं. अपघातानंतर हाड जुळलं की लोक व्यायाम सोडतात. मांडीचा पुढचा स्नायू तेव्हा बारीक झालेला असतो आणि तसाच राहतो. तुमच्या दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजा. फरक दिसला तर अजूनही काम करता येईल.

म्हापशाची_धावपटू

मी ४१ वर्षांची आहे, पहाटे धावते. घरातले सगळे 'गुडघे जातील' म्हणून मागे लागलेत. धावणं कुठे बसतं यात?

निवृत्त_अस्थितज्ज्ञ

मी सरकारी सेवेत अस्थिरोग विभागात बरीच वर्षं काढली. हा धागा मुलाने दाखवला. धावण्याचं आधी सांगतो.

२०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. हौसेने धावणाऱ्यांमध्ये खुबा आणि गुडघ्याची झीज ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि व्यावसायिक पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत १३.३ टक्के. म्हापशाच्या ताई, तुम्ही पहिल्या गटातल्या. खुशाल धावा.

नुस्त्याचो_सोयरो

पण डॉक्टर, ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात ना? दुखणारे केव्हाच घरी बसलेले असतात. मग आकडा चांगला दिसणारच.

निवृत्त_अस्थितज्ज्ञ

बरोबर शंका आहे. अशा अभ्यासांत तो दोष राहतोच. म्हणून 'धावल्याने झीज टळते' असं मी म्हणत नाही. हौशी धावण्याने निरोगी गुडघा बिघडतो याला आधार नाही, इतकंच म्हणतो. जुनी दुखापत असेल तर गोष्ट वेगळी.

आता वजन आणि वय. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांच्या आरोग्याचा पाठपुरावा चालू आहे. तरुणपणी आणि मध्यमवयात जे जाड होते त्यांना तीन-साडेतीन दशकांनंतर गुडघ्याची झीज अधिक झाली, हे तिथे दिसलं. म्हणजे वजन आधी वाढलं, झीज मागून आली. १९९२ मध्ये त्याच गावातल्या बायकांबद्दल लिहिलं गेलं की दहा वर्षांत साधारण पाच किलो वजन उतरलेल्या बायकांमध्ये दुखऱ्या झिजेचा धोका निम्म्याहून कमी झाला. भाराचं गणितही सोपं आहे. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

पन्नाशीपर्यंत पुरुष आणि स्त्रिया यांत फार अंतर नसतं. पाळी गेल्यानंतर बायकांचं प्रमाण झपाट्याने वर जातं. जगभरातल्या रुग्णांमध्ये सुमारे ६० टक्के स्त्रिया आहेत. एस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी होण्याचा त्यात वाटा असावा असं मानतात, पण गुडघ्यासाठी म्हणून हार्मोनच्या गोळ्या कोणी देत नाही. मांडीचा स्नायू त्याच वयात उतरतो आणि वजन त्याच वयात चढतं, हेही त्यात आलं.

मीरा_पर्वरी

डॉक्टर, राग मानू नका, पण 'वजन' हा शब्द ऐकून मला वीट आला आहे. मी ५२ वर्षांची. पाळी थांबली त्याच वर्षी गुडघे सुरू झाले. ज्या डॉक्टरकडे गेले त्यांनी तपासायच्या आधीच, मी दारातून आत येताना बघून, 'वजन उतरवा' म्हटलं. गुडघ्याला हातही लावला नाही. माझी आई सडपातळ होती, तिचेही गुडघे असेच होते. माझ्या बोटांच्या शेवटच्या पेरांवर गाठी आल्या आहेत, आईलाही होत्या. त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. बोटांवर का माझं वजन पडतं?

निवृत्त_अस्थितज्ज्ञ

मीराताई, रागाचा प्रश्नच नाही. तुम्हाला न तपासता परत पाठवलं हे चुकीचंच होतं.

बोटांच्या टोकाच्या सांध्यांवरच्या त्या गाठी हा मोठा धागादोरा आहे. त्या आईकडून मुलीकडे येताना दिसतात, आणि ज्यांना त्या असतात त्यांच्यात गुडघ्याची झीजही जास्त आढळते. इंग्लंडमध्ये जुळ्या बहिणींचा अभ्यास १९९६ साली झाला. हात आणि गुडघ्याच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा ३९ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान निघाला. तुमची तक्रार रास्त आहे. शिवाय चरबी हा नुसता भार नसतो, तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात जातात. भार न पेलणाऱ्या हाताच्या सांध्यांतही जाड माणसांना झीज जास्त का, याचं एक कारण ते असावं. वजन हा तुमच्यावर ठेवलेला ठपका नाही. आईकडून आलेलं बदलता येत नाही, म्हणून जे थोडं हातात आहे तिकडे आम्ही बोट दाखवतो. पण आधी गुडघा तपासून, मग.

आणखी एक. एक्स-रे बघून घाबरू नका. झीज भरपूर आणि दुखणं नाही, किंवा उलट, असे रुग्ण मी सतत बघितले आहेत.

बागेतली_अबोली

आमच्याकडे काजू फेणीने गुडघे चोळतात. शेजारचे काका तर म्हणतात, अर्धी बाहेरून आणि अर्धी आतून! पायाचं सूप, कॅल्शियम, ग्लुकोसामाइन, यातलं खरं काय कामाचं?

फिजिओ_रेवती

अबोली, चोळल्याने ऊब येते, बरं वाटतं. चोळा. आतून घेतलेल्या अर्धीचा गुडघ्याला काही फायदा नाही, काकांना सांग.

ग्लुकोसामाइनची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, २००६ साली निकाल आला. एकंदर रुग्णांत नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर हाडांसाठी जरूर घ्या, पण त्याने गुडघ्याची झीज थांबत नाही. पायाचं सूप आवडत असेल तर प्या.

आता डिफेंडरभाऊंची मुलगी. फुटबॉलमध्ये एसीएल तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दोन-तीन पट असतो, आणि वयात येण्याच्या सुमारास तो चढतो. म्हणून तिला घरी बसवायचं का? अजिबात नाही. 'फिफा इलेव्हन प्लस' नावाचा सरावपूर्व व्यायाम आहे, साधारण २० मिनिटांचा. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वयाच्या मुलींवर तो वापरून बघितला, २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. उडी मारून उतरताना गुडघे आत न वळवणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, असं त्यात असतं. साहित्य लागत नाही, फी लागत नाही. फक्त तो नेमाने करावा लागतो, एखाद्या आठवड्यापुरता करून उपयोग नाही. आपल्याकडच्या प्रत्येक शाळेच्या मैदानावर हा व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं. पंधराव्या वर्षी वाचलेला गुडघा पस्तिशीत माझ्याकडे यायचा नाही.

काकोडे_मास्तर

रेवतीताई, हे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांपर्यंत पोचवतो. माझे दोन विद्यार्थी आज त्या पदावर आहेत.

डिचोलीचा_डिफेंडर

देव बरें करूं, सगळ्यांचं. मुलीच्या प्रशिक्षकांशी बोललो. त्यांना तो व्यायाम माहीत होता, पण मैदान तासाभरासाठीच मिळतं म्हणून गाळत होते. आता पालकांनी मुलींना लवकर आणून सोडायचं ठरवलं आहे.

आईची बोटं बघितली. गाठी आहेत. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवतो, कधी लक्ष गेलं नव्हतं. डॉक्टर, तिला सांधा बदलायला सांगितलं आहे. ६२ हे वय लवकर आहे का? आणि माझं काय?

निवृत्त_अस्थितज्ज्ञ

वय बघून ठरवायचं नसतं. रात्री झोप मोडते का, घरातल्या घरात फिरता येतं का, व्यायाम आणि औषधं नीट करूनही दुखणं तसंच आहे का, यावर ठरतं. किमान तीन महिने व्यायाम झाला नसेल तर आधी तो करा. घाई नसते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, त्यामुळे बिल घेताना सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा.

तुमच्यासाठी: ३६ व्या वर्षी सांधा बदलण्याचा विचारही नको. मांडीची ताकद, सायकल, पोहणं, वजन आहे तिथे ठेवणं. गुडघा मध्येच अडकत असेल किंवा पाय निसटत असेल तर मात्र दाखवा. एकच गुडघा अचानक गरम, लाल, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी इस्पितळात जा. ती झीज नसते.

पायलट_मडगांव

रेवतीताई, टेपने मोजलं. अपघाताचा पाय बारीक आहे, नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. स्टँडवर सगळ्यांनीच मोजलं. आणखी तिघांचे तसेच निघाले. सोमवारी चौघं मिळून येतो, दुपारी धंदा कमी असतो तेव्हा.

फिजिओ_रेवती

या, जरूर या. सगळ्यांना एकत्रच शिकवते. जुने एक्स-रे असतील तर आणा.

सत्तरीची_सून

रेवतीताई, आमच्याकडून मडगाव फार लांब आहे, सासूबाईंना बसने आणणं होत नाही. घरी करता येईल असं एखादं सांगा ना. खुर्चीवरून उठबस करायची असं वाचलं, पण आमची खुर्ची प्लॅस्टिकची आहे, हलते. सोप्यावर लाकडी बाकडं आहे, ते चाललं तर बरं.

फिजिओ_रेवती

बाकडं उत्तम. भिंतीला टेकवून ठेवा. फार खाली असेल तर वर घट्ट घडी घातलेली गोधडी घाला, म्हणजे बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा थोडा खालीच राहील. आधी बसल्या बसल्या एकेक पाय सरळ करून पाच अंक मोजून ठेवायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. ते जमलं की पुढच्या आठवड्यापासून बाकड्यावरून सावकाश उठायचं आणि त्याहून सावकाश बसायचं. सुरुवातीला पुढ्यात तुम्ही उभ्या राहा, त्यांना तुमचे हात धरू द्या. थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं असेल तर संख्या निम्मी करा, बंद करू नका. पंधरा दिवसांनी इथेच कळवा, मग पुढचं सांगते.